स्पोर्ट्स कारसाठी चाके व टायर यांची निवड : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ कि.मी.चा अंतिम टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला व शहापूर तालुक्यातून वेगवान वाहतूक सुरू झाली. मुरबाडहून मात्र माळशेज घाटाचा वळणांचा व अतिवृष्टीचा रस्ता जातो. दोन्ही मार्गांवर धावणाऱ्या स्पोर्ट्स कारसाठी टायरची निवड हा केवळ शोभेचा नव्हे, तर सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

विवेचन :
'२०५/५५ आर १६' या मापात २०५ मि.मी. ही टायरची रुंदी, ५५ ही कडेच्या उंचीची रुंदीशी टक्केवारी, 'आर' म्हणजे रेडियल व १६ इंच हा रिमचा व्यास होय. त्याऐवजी '२२५/४५ आर १७' बसविल्यास एकूण व्यास जवळजवळ तेवढाच राहतो. परंतु कडेची उंची सुमारे ११३ वरून १०१ मि.मी.वर येते. परिणामी वळणावर गाडी अधिक स्थिर राहते. मात्र खड्ड्याचा आघात थेट रिमवर येतो. शिवाय रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. खाचांची किमान कायदेशीर खोली १.६ मि.मी. असली, तरी पाणी बाहेर टाकण्याची क्षमता त्यापूर्वीच घटते.

निष्कर्ष :
सारांश, उत्पादकाने मान्य केलेल्या मापांपैकी लहान रिम व उंच कडेचा टायर या परिसरास अधिक योग्य ठरतो. वेगक्षमता व भारक्षमता मात्र मूळ टायरपेक्षा कमी नसावी आणि हवेचा दाब टायर थंड असतानाच तपासावा.