काम सगळ्यांनी केले, माल मात्र वेळेवर गेला नाही

हंगामात टेंभुर्णीच्या चौकात उभे राहिले की उसाच्या गाड्यांची रांग संपत नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे हे आमचे गाव. जवळच पिंपळनेरला विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखाना आहे. आम्ही कापडाचे व्यापारी. उसाशी आमचा संबंध एवढाच की उसाचे बिल निघाले की दुकानात गिऱ्हाईक येते. पण चार वेगळ्या संस्थांनी एकत्र काम कसे करावे, हे आम्हाला या गाड्यांनीच शिकवले. आपल्या व्यापारी व कारीगर बांधवांना त्याचा उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहोत.

आधी आमचा तोटा सांगतो. काही वर्षांपूर्वी ईदच्या तोंडावर हैदराबादच्या एका व्यापाऱ्याची सोलापुरी चादरींची ऑर्डर आम्ही घेतली. सूत एकाकडचे, रंगाई दुसऱ्याकडे, विणाई तिसऱ्याच्या यंत्रमागावर, शिलाई चौथीकडे. सूत उशिरा आले. रंगाईवाल्याला ते कधी येणार हे कोणी कळवलेच नव्हते, म्हणून त्याने दुसऱ्याचा माल हाती घेतला. तिकडे माग आठ दिवस बंद राहिले. कारीगरांची मजुरी नगावर. त्या आठवड्यात त्यांच्या घरी पैसा गेला नाही. माल ईदनंतर पोहोचला आणि अर्धा परत आला. बेईमानी कोणीच केली नव्हती. प्रत्येकाने आपले काम चोख केले होते.

मग सगळे बसलो आणि ठरवले की एकी नाही म्हणून हे झाले. भागभांडवल गोळा करून मंडळी काढली. ती दोन वर्षांत बंद पडली. कारण रंगाईवाल्याकडे आमच्याशिवाय पुष्कळ गिऱ्हाईक होते. त्याला आमची गरज नव्हती, तो बैठकीला येईनासा झाला.

चूक कुठे झाली, हे साखर कारखान्याकडे पाहून समजते. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटते आणि साखरही घटते. तो शक्यतो एका दिवसात गाळावा लागतो. म्हणून कारखाना आधी उसाची नोंद घेतो, लागवडीच्या तारखेप्रमाणे तोडीचा क्रम लावतो, टोळी पाठवतो, गाडी लावतो. शेतकरी, मुकादम, वाहतूकदार, बँक हे सगळे वेगवेगळे. त्यांना बांधते ती तारीख आणि चिठ्ठी. याला समन्वय म्हणावे. समन्वयात प्रत्येकाचा धंदा स्वतःचाच राहतो, फक्त वेळ आणि बातमी जुळवली जाते.

सहकार्य ही त्यापुढची पायरी. त्यात भांडवल एकत्र येते, निर्णय एकत्र होतो आणि तोटाही वाटून घ्यावा लागतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. तेथे ऊस उत्पादक हेच मालक झाले.

ही मालकी टिकते कशी, याचा अभ्यास दिल्ली विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्कर यांनी केला. पीएच.डी.साठी त्यांनी कोपरगावचा सहकारी साखर कारखाना निवडला. त्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९८० साली निघाले. संचालकपदासाठी गटागटांत चुरस असे, तरी त्या राजकारणामुळे कारखान्याचे काम बिघडले नाही, असे त्यांना दिसले. पुढे कॅनडातील मॅक्गिल विद्यापीठाचे डोनाल्ड ॲटवूड यांच्यासोबत त्यांनी, काही सहकारी संस्था चालतात आणि काही का बुडतात, हा प्रश्न घेतला. साखरेबाबत त्यांचे उत्तर व्यापाऱ्याला लगेच पटेल असे आहे. मोठी यंत्रे पूर्ण क्षमतेने चालवायला मोठ्या बागायतदाराचा ऊस पुरत नाही, त्याला शेकडो लहान शेतकऱ्यांचा ऊस लागतो. लहानाला कारखाना लागतो. दोघांना एकमेकांची गरज आहे, म्हणून भांडूनही ते एकत्र राहतात.

आमच्या मंडळीत हीच गरज नव्हती. आम्हाला पाहिजे होता समन्वय आणि आम्ही काढले सहकार्य. रोग एक, औषध दुसरे.

आता आम्ही साधी पद्धत ठेवली आहे. प्रत्येक ऑर्डरची एक चिठ्ठी. तीवर सूत, रंगाई, विणाई, शिलाई या चौघांच्या तारखा. दर शनिवारी चौघांना फोन. उशीर होणार असेल तर ज्याचा उशीर त्याने दोन दिवस आधी कळवायचे. माग रिकामा राहिला तर कारीगराला काय द्यायचे, हेही त्याच चिठ्ठीवर आधी लिहायचे. या बाबतीत उसाचा कायदा पाहण्यासारखा आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर १५ टक्के दराने व्याज. ही मुदत नेहमी पाळली जाते असे नाही. पण हक्क कागदावर असल्याने शेतकऱ्याला मागता तरी येतो. आपला मागावरचा कारीगर कशाच्या जोरावर मागणार?

सहकार्याची जागा वेगळी आहे. ‘सोलापुरी चादर’ या नावाला भौगोलिक मानांकन आहे. ते नाव कोणा एकाचे नाही. एकाने कच्च्या रंगाचा माल त्या नावाने विकला तर बदनामी सगळ्यांची होते. येथे गरज सामाईक आहे, म्हणून येथे एकत्र बसून दर्जा ठरवणे आणि तो तपासायला पैसा घालणे फायद्याचे.

तेव्हा मंडळी काढण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. आमच्याशिवाय याचे अडते का? याच्याशिवाय आमचे अडते का? तोटा आला तर कोण किती सोसणार? तिन्हींचे उत्तर नीट मिळाले तर भागीदारी करावी. नाही मिळाले तर तारखांची चिठ्ठी पुरे. आमची त्या चिठ्ठीवर चार ईद झाल्या, माल एकदाही परत आला नाही.