लाखेचे पॉलिश : घाई केली की पांढरे पडते

आमचा धंदा कापडाचा. पण पॉलिशचा धडा आम्ही पैसे मोजून शिकलो. कोराडीच्या दुकानासाठी सागवानी काउंटर करून घेतला. उद्घाटनाची तारीख ठरलेली आणि पावसाळा भर. कारागीर म्हणत होता, "शेठ, ऊन पडेपर्यंत थांबा." आम्ही ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी काउंटरवर दुधासारखा पांढरा थर! आम्ही कारागिराला दोष दिला, मजुरीही अडवून धरली. चूक आमचीच होती.

लाखेचे बारीक किडे पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर राळ सोडतात. आपल्याकडे गोंदिया, गडचिरोलीकडे लाख निघते. मोठे उत्पादन झारखंड व छत्तीसगडचे. ती धुऊन, वितळवून, पातळ पापुद्रे केले की झाला चपडा. तो स्पिरिटमध्ये विरघळतो. स्पिरिट झपाट्याने उडते, तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो. हवा दमट असेल तर तिच्यातील ओल थरात अडकते आणि पांढरेपणा येतो.

कामाची रीत अशी. १ लिटर स्पिरिटला १५० ते २०० ग्रॅम चपडा काचेच्या बरणीत रात्रभर भिजवावा. लोखंडी डबा नको, रंग काळवंडतो. मग मलमलीतून गाळावे. लाकूड पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेनेच घासावे व धूळ पुसावी.

बोळ्याबाबत मात्र आम्ही कापडवाले चार शब्द सांगू शकतो. आत कापूस, वरून अनेकदा धुतलेली जुनी सुती मलमल घ्यावी. कोऱ्या कापडातली खळ पॉलिशमध्ये उतरते. टेरिकॉट नीट शोषत नाही. हात पातळ द्यावा, मध्येच थांबू नये, ओल्यावर पुन्हा फिरवू नये. तासाभराने बारीक पेपर हलका मारून पुढचा हात द्यावा. असे सहा-आठ हात लागतात. शेवटी बोळा अडखळला तर जवसाच्या तेलाचा एखादा थेंब पुरे.

तयार पॉलिश महिनोन्‌महिने साठवू नये. जुने झाले की ते चिकट राहते, वाळत नाही. स्पिरिट पेट घेते, म्हणून काम चालू असताना विडी-काडी दूर ठेवावी.

या पॉलिशला पाणी आणि गरम चहाचा ग्लास सोसत नाही. २०२० साली कोरोनात काउंटरवर सांडलेल्या सॅनिटायझरनेही डाग पाडले, कारण त्यातही अल्कोहोल असते. म्हणून जेवणाच्या टेबलाला ते सुचवू नये. मात्र दुरुस्ती सोपी : नवा हात जुन्या थरात मिसळून जातो, सगळे खरवडावे लागत नाही.

आमचा काउंटरही असाच सुधारला. कोरडा दिवस पाहून त्याच कारागिराने स्पिरिटचा किंचित ओलसर बोळा फिरवला. अडकलेली ओल निघाली, सागाचा रंग परतला. आम्ही माफी मागून अडवलेली मजुरी दिली, वर त्या दिवसाचीही दिली. व्यापारी बांधवांना एवढीच विनंती : तारीख ठरवण्याआधी कारागिराला विचारा, आणि सुकण्याचे दिवस हिशेबात धरा.