छोट्या ट्रॅक्टरचे दिवे आणि हत्यारपेटी

शेतीच्या दृष्टीने हिवाळा हा जसा थंडीचा तसाच उजेडाच्या टंचाईचा काळ असतो, आणि ही टंचाई किती भासावी हे त्या ठिकाणच्या अक्षांशावर ठरते. सिंगापूरच्या ईशान्येकडील हौगांग ही वसाहत विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंश उत्तरेला असल्यामुळे तेथे वर्षातील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात दहा मिनिटांचाही फरक पडत नाही. एकेकाळी वराहपालन आणि भाजीचे मळे असलेल्या, आता गृहनिर्माण मंडळाच्या उंच इमारतींनी व्यापलेल्या या भागात डिसेंबर हा थंडीचा नव्हे, तर ईशान्य मोसमी पावसाचा महिना असतो. नाशिक मात्र वीस अंश उत्तरेला आहे. तेथील दिवस जूनमध्ये सव्वातेरा तासांहून थोडा मोठा असतो आणि डिसेंबरअखेर अकरा तासांपर्यंत आखडतो. हौगांगमध्ये वर्षभर न जाणवणारा हा सुमारे सव्वादोन तासांचा फरक निफाड, दिंडोरी किंवा चांदवडच्या द्राक्षबागायतदाराला नेमक्या त्याच महिन्यांत सोसावा लागतो, ज्या महिन्यांत बागेतील कामाला उसंत नसते.

द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते: उन्हाळ्याच्या तोंडावर खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळ छाटणी, जिला गोडी छाटणी असेही म्हणतात. फळ छाटणीनंतरचे चार महिने म्हणजे केवडा आणि भुरी या बुरशीजन्य रोगांशी चाललेली झुंज असते, आणि तिच्यातील फवारण्या वारा पडलेला असताना, म्हणजे पहाटे किंवा सूर्यास्ताच्या सुमारास, करणे इष्ट ठरते. निफाड परिसरात पारा पाच अंशांच्या खाली उतरला की साखर भरू लागलेले मणी तडकण्याची भीती असते. अशा वेळी बागेत शेकोट्या पेटवून धूर केला जातो आणि विहिरीचे तुलनेने उबदार पाणी पहाटेच सोडले जाते. त्यात शेतीपंपांच्या थ्री फेज विजेची पाळी कित्येक ठिकाणी आठवड्यातील काही दिवस रात्रीची असते. दिवसा वीज मिळावी यासाठी राज्यात २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना राबवली जात असली, तरी अंधारात शेतात उतरण्याची गरज अद्याप संपलेली नाही, आणि जुन्नरसारख्या बिबट्यांच्या टापूत तर हा अंधार निव्वळ गैरसोयीचा राहत नाही.

या कामांसाठी वापरला जाणारा ट्रॅक्टर साधारणपणे १५ ते २५ अश्वशक्तीचा असतो. महिंद्राचा एका सिलिंडरचा युवराज २१५, व्हीएसटी कंपनीचा मित्सुबिशी घराण्यातील १८० डी, कुबोटाचा निओस्टार ही त्याची परिचित उदाहरणे होत. आठ-दहा फुटांच्या ओळीतून आणि मांडवाखालून तो सहज फिरला पाहिजे, म्हणून त्याची रुंदी आणि उंची दोन्ही कमी ठेवलेल्या असतात. कारखान्यातून येताना त्याला पुढे दोन हेडलाइट असतात; ते रस्त्यावर वाहन चालवण्याच्या हेतूने बसवलेले असल्यामुळे त्यांचा झोत काही मीटर पुढे पडतो. शेतात मात्र पाहायचे असते ते मागे: रोटाव्हेटर किती खोल चालला आहे, ब्लोअरच्या, म्हणजे पंख्याच्या हवेने औषध उडवणाऱ्या फवारणी यंत्राच्या, कोणत्या नोझलमधून धार तुटली आहे, टॉप लिंकची पिन जागेवर आहे की नाही. म्हणून जादा दिव्यांचा विचार मागच्या बाजूपासून सुरू व्हायला हवा. प्रत्यक्षात बहुतेक जण बोनेटवर झगझगीत पट्टीदिवा बसवून मोकळे होतात. तो दिसतो भारी, पण त्याचा उपयोग बागेपेक्षा गावात शिरताना अधिक होतो.

दिवा जितका उंच तितका उजेड दूरवर पसरतो हा नियम उघड्या रानात खरा आहे, आणि म्हणूनच मोठ्या ट्रॅक्टरवर फोकस छताच्या कडेला लावतात. मांडवाच्या बागेत छतच काढून ठेवावे लागते, आणि ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचवणारी सुरक्षा कमान असली तर तीही दुमडावी लागते. त्यामुळे कमानीवर लावलेला दिवा ऐन गरजेच्या वेळी भलत्याच दिशेला तोंड करून राहतो. अशा ठिकाणी मडगार्डच्या मागच्या कडेला, आसनाच्या उंचीवर, बाहेरच्या अंगाला किंचित वळवलेले दोन फोकस सर्वांत उपयोगी ठरतात. खालून तिरका पडणारा उजेड ढेकूळ, सरी आणि ठिबकची नळी यांच्या सावल्या लांबवतो, आणि जमिनीचा उंचसखलपणा डोळ्याला कळतो तो मुख्यतः सावल्यांवरून. कमानीला भोके पाडणे किंवा तिच्यावर वेल्डिंग करणे मात्र सर्वथा टाळावे, कारण त्यामुळे तिची भार पेलण्याची शक्ती घटते. दिवा बसवायचाच असेल तर तो आवळपट्टीने बसवावा.

दिवे किती लावावेत, याचे उत्तर बाजारात मिळत नाही. ते अल्टरनेटरवरील पट्टीत मिळते. अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारे आणि बॅटरी भरणारे यंत्र; त्याची क्षमता अँपियरमध्ये दिलेली असते, पण ती इंजिनाच्या पूर्ण वेगाची असते, आणि इंजिन मंद फिरत असताना प्रत्यक्ष प्रवाह बराच कमी भरतो. वॉटला व्होल्टने भागले की अँपियर मिळतात. ५५ वॉटचे दोन हॅलोजन फोकस बारा व्होल्टवर सुमारे नऊ अँपियर खातात, तर अठरा-वीस वॉटचे दोन एलईडी फोकस तेवढाच किंवा थोडा अधिक उजेड देऊन साडेतीन अँपियरच्या आत भागवतात. हिवाळ्यात या हिशेबाला वेगळे महत्त्व येते. शिशाच्या बॅटरीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, शून्य अंशाच्या आसपास तिची उपयुक्त क्षमता सुमारे एक पंचमांशाने घटते, आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरवायला स्टार्टरला अधिक जोर लागतो. रात्री इंजिन बंद करून, फोकस चालू ठेवून तासभर व्हॉल्व्ह फिरवत बसणाऱ्याचा ट्रॅक्टर पहाटे धक्क्यावर घ्यावा लागतो तो याच कारणाने.

वायरिंगकडे होणारे दुर्लक्ष हा याहून मोठा दोष मानला पाहिजे. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून नऊ अँपियर प्रवाह जाण्यायेण्याचे मिळून सहा मीटर नेला, तर वाटेतच जवळपास एक व्होल्ट खर्ची पडतो. आणि तारेच्या वेटोळ्याचा, म्हणजे हॅलोजनसारखा, दिवा व्होल्टेजच्या बाबतीत इतका हळवा असतो की तेवढ्याने त्याचा उजेड जवळजवळ एक चतुर्थांशाने मंदावतो. अडीच चौरस मिलिमीटरची तार वापरली की ही तूट निम्म्याहून कमी होते. फोकसचा प्रवाह डॅशबोर्डवरील बटणातून थेट न नेता रिलेमार्फत न्यावा. रिले म्हणजे लहान प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह जोडणारी विद्युतचुंबकीय कळ. ती बसवली म्हणजे बटणाचे संपर्क जळत नाहीत. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच असावा, कारण त्याच्या आधीचा तारेचा तुकडा कोणत्याही संरक्षणाशिवाय असतो, आणि डिझेलच्या टाकीजवळून जाणारी उघडी तार हा साधा धोका नव्हे. चिकटपट्टी गुंडाळलेले जोड दवाने आणि औषधाच्या तुषारांनी वर्षभरात हिरवे पडतात.

धुक्यात पिवळा दिवा अधिक भेदतो, हा समज फार रूढ आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी पटींनी मोठे असल्यामुळे ते सर्व रंगांचा प्रकाश जवळपास सारखाच विखुरतात, त्यामुळे निव्वळ रंगाने फारसे काही साधत नाही. झोत खाली आणि डोळ्यांच्या रेषेपासून दूर असणे हे धुक्यात नीट दिसण्याचे खरे कारण असते. ब्लोअरच्या तुषारांनाही हेच लागू पडते. थेट फवाऱ्यावर रोखलेला फोकस चालकासमोर पांढरी भिंत उभी करतो, तर बाजूने टाकलेला उजेड प्रत्येक नोझलची धार वेगळी दाखवतो.

शेतातून डांबरी रस्त्यावर आल्यावर हे सारे दिवे बंद झाले पाहिजेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार वाहनाच्या मागे, क्रमांकपट्टीवरील आणि उलट जाताना लागणाऱ्या दिव्यासारखे अपवाद वगळता, लाल सोडून अन्य रंगाचा दिवा दिसता कामा नये, आणि पुढे शोधदिवा लावण्यासही नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीखेरीज मनाई आहे. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचे डोळे पांढऱ्या फोकसने दिपले, तर त्याला ट्रॉलीची कड दिसत नाही. ऊस गाळपाच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडील रस्त्यांवर ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्या लावण्याचा आग्रह धरला जातो तो ट्रॉली न दिसल्याने होणाऱ्या अपघातांमुळे. त्या काही रुपयांच्या पट्ट्या हजारो रुपयांच्या पट्टीदिव्याहून अधिक जीव वाचवतात, असे म्हणण्यास हरकत नाही.

उजेड झाला तरी हातात पाना नसेल तर अंधारात बिघडलेले यंत्र सकाळपर्यंत तसेच उभे राहते. कंपनीने दिलेली पेटी बहुधा दोन पाने आणि एक पेचकस मावेल एवढीच असते, म्हणून स्वतंत्र हत्यारपेटी करून घ्यावी लागते आणि गावच्या वेल्डरकडे ती एका दिवसात होते. तिची जागा ठरवताना वजनाचा तोल पाहावा. युवराजसारख्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन आठशे किलोच्या आतबाहेर असते, आणि मागे अवजार उचलले की पुढची चाके आधीच हलकी होतात. अशा स्थितीत वीस-पंचवीस किलोची लोखंडी पेटी मागे टांगणे म्हणजे सुकाणूवरील पकड सैल करणे होय. तीच पेटी पुढच्या बंपरवर बसवली तर समतोलाचे काम करते, फक्त ती रेडिएटरच्या जाळीसमोर येऊन हवा अडवणार नाही एवढे पाहावे लागते. आधाराच्या पट्ट्या ट्रॅक्टरवरच वेल्ड करायच्या असतील तर आधी बॅटरीच्या आणि अल्टरनेटरच्या जोडण्या सोडवाव्यात. एका सिलिंडरचे इंजिन फार थरथरते, म्हणून तळाशी जुन्या ट्यूबचा तुकडा अंथरावा. पहाटेच्या गारव्यात पत्र्याच्या आत पाणी सुटते, त्यासाठी तळाला दोन बारीक भोके आणि पान्यांवर तेलाचा हात पुरेसा होतो.

पेटीत काय असावे, हे ज्याचे त्याचे अवजार ठरवते: फिक्स पान्यांचा संच, पक्कड, हातोडी, ग्रीस गन, लिंच पिना, दोन-चार नोझल आणि त्यांचे वॉशर, राखीव फ्यूज आणि डोक्याला बांधायची बॅटरी. मात्र रोटाव्हेटर चालवणाऱ्याने एक गोष्ट हटकून ठेवावी, ती म्हणजे शिअर बोल्ट. ट्रॅक्टरच्या मागच्या पीटीओ दांड्यावरून, जो मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरतो, रोटाव्हेटरला शक्ती नेणाऱ्या शाफ्टमध्ये हा बोल्ट मुद्दाम कमकुवत ठेवलेला असतो. पात्यांत दगड किंवा मूळ अडकले की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. रात्रीच्या वेळी तो तुटला आणि पेटीत जोडीचा बोल्ट नसला, की हाताशी येईल तो कडक पोलादाचा बोल्ट ठोकून काम पुढे रेटले जाते, आणि मग पुढच्या दगडाला बोल्टाऐवजी गिअरचे दात तुटतात. कंपनीने सांगितलेल्या मापाचे आणि दर्जाचे सहा बोल्ट नटांसह एका डबीत घालून पेटीच्या झाकणाला आतून अडकवावेत, आणि ते बदलताना पीटीओ सोडवून इंजिन पूर्ण बंद करावे.