धूर आणि आवाज, एकाच नळीतून

आज मी आमच्या मयूर विहार फेज 1 मधल्या घरातून बोलतोय, खिडकी लावून घेऊन. उघडी ठेवली तर माझं बोलणं तुमच्यापर्यंत पोचणार नाही. लावून घेतली तरी नोव्हेंबरातली हवा फटीतून आत येतेच. मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "कर्नलसाहेब, दिल्लीत राहता कसे?" तर आज त्यावरच बोलू. पण रडगाणं गायचं नाही. शहराला काय करता येतं आणि काय केल्याने खरंच फरक पडतो, तेवढंच पाहू.

सुरुवात कानापासून करतो, कारण तिथे माझं स्वतःचं नुकसान झालेलं आहे. मी तोफखान्यातला. देवळालीला शिकत होतो तेव्हा कानात कापसाचे बोळे घालायचो, तेही आठवलं तर. तोफेजवळ आवाज दीडशे डेसिबलच्या पुढे जातो. कानाच्या आतल्या शंखात केसांसारख्या बारीक पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात परत येत नाहीत. आणि आधी जातात त्या वरच्या पट्टीच्या, साधारण 4000 हर्ट्झच्या आसपासच्या. म्हणजे माणूस बहिरा होत नाही, त्याला स, श, थ, फ नीट कळेनासे होतात. माझी नात चित्रांच्या पुस्तकात बोट ठेवून "आजोबा, साप!" म्हणते, मला "ताप" ऐकू येतं आणि मी तिच्या कपाळाला हात लावतो. ती हसते. मीही हसतो. पण हेच नुकसान रस्त्याच्या कडेला उभ्या वाहतूक पोलिसाचं, रिक्षावाल्याचं हळूहळू होत असतं. त्याला तर तोफेजवळ जायचीही गरज नसते.

डेसिबल हे माप रुपयांसारखं नाही, हे आधी लक्षात घ्या. 50 चे 60 झाले म्हणजे पाचवा हिस्सा वाढला असं नव्हे, आवाजाची ऊर्जा दहापट झाली. तीन डेसिबल वाढले की ती दुप्पट. आपल्याकडे 2000 सालच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे. हवेचं पाहायचं तर पीएम 2.5, म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कण. आपलं केसाचं जाडपण पन्नास-साठ मायक्रॉन असतं, त्यावरून अंदाज करा. चोवीस तासांच्या सरासरीची आपली मर्यादा 60 मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची 15. हिवाळ्यात आमच्याकडे आपली मर्यादाही कितीदा ओलांडली जाते, ते मोजत बसण्यात अर्थ नाही.

आता नकाशा पाहू. आमच्या एका अंगाला दिल्ली-मेरठ एक्सप्रेसवे. मे 2018 मध्ये त्याचा निजामुद्दीन पुलापासूनचा पहिला टप्पा सुरू झाला, चौदा पदरी. दुसऱ्या अंगाला नोएडा लिंक रोड. उत्तरेला आनंद विहारचा बसतळ. पूर्वेला गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर. 1984 पासून तिथे कचरा पडतोय. 1 सप्टेंबर 2017 ला तो डोंगर ढासळला आणि दोन माणसं गेली. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड आणि वरची गरम, त्यामुळे वर झाकण बसल्यासारखं होतं. वाराही पडलेला. मग खाली जे जे धुमसतं ते खालीच राहतं. पंजाब-हरियाणातल्या पराळीचा धूर ऑक्टोबर-नोव्हेंबरचे काही आठवडे येतो, खरं आहे. पण डिसेंबर-जानेवारीत शेतं जळत नसतात, तरी झाकणाखाली आम्ही असतोच.

मी निवृत्त होऊन सोसायटीच्या कमिटीवर आलो तेव्हा फौजी सवयीने पहिलं काम केलं ते हुकूम काढण्याचं. आवारात कोणीही काही जाळायचं नाही. नोटीस लावली, सही केली. तिसऱ्या रात्री दोन वाजता खोकत उठलो तर गेटवर आगटी पेटलेली. पुठ्ठे, सुकी पानं, फुटकी प्लॅस्टिकची खुर्ची. खाली जाऊन मी पहारेकऱ्याला झापलं. तो शांतपणे म्हणाला, "साहब, नोटिस से गर्मी थोड़े ही आती है." तापमान असेल पाच अंश. अंगावर एक स्वेटर. मी सियाचीनला जवानांच्या मोज्यांची मोजदाद केलेला माणूस, आणि माझ्याच गेटवरचा शिपाई थंडीने कुडकुडतोय हे मला दिसलं नव्हतं. लाज वाटली. दुसऱ्या दिवशी दोन्ही गेटांच्या चौकीत विजेचे हीटर लावले, चौकीला दार बसवलं. आगटी बंद झाली. नंतर कळलं की हिवाळ्यातल्या सरकारी आपत्कालीन आराखड्यातही सोसायट्यांनी पहारेकऱ्यांना हीटर द्यावेत असं लिहिलेलंच आहे. वाचतो कोण?

शहराचंही नेमकं असंच आहे. दिल्लीची सीएनजीची गोष्ट आठवा. 28 जुलै 1998 ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, सगळ्या बस सीएनजीवर आणा. मुदत 31 मार्च 2001. मुदत हुकली. पंपांपुढे रांगा लागल्या, रिक्षावाले रात्रभर गॅससाठी उभे राहिले, शिव्या खाऊन झाल्या. 2002 च्या अखेरीस डिझेल बस रस्त्यावरून गेल्या. आदेश कोर्टाचा होता, पण काम झालं ते पाइपलाइन आली आणि पंप वाढले तेव्हा. त्या बसमागून दुचाकीवर जाताना तोंडावर येणारा काळा भपकारा गेला, ज्यांनी तो खाल्लाय त्यांनाच त्याची किंमत. पुढे गाड्यांची संख्या इतकी वाढली की ती कमाई खाल्ली गेली, हेही खरं.

याउलट स्मॉग टॉवर पाहा. ऑगस्ट 2021 मध्ये कॅनॉट प्लेसला उभा राहिला, पाठोपाठ आनंद विहारला. मोठे पंखे, गाळण्या, उद्घाटन, फोटो. अहो, छप्पर नसलेल्या मैदानात कूलर लावून गाव थंड होतं का? उघड्या आकाशाची हवा गाळून संपत नाही. धूर जिथे निघतो तिथेच तो थांबवायला हवा.

आणि जिथे धूर निघतो तिथूनच बहुतेक वेळा आवाजही निघतो, हा आजचा मुख्य मुद्दा. आमच्या सोसायटीचा डिझेल जनरेटर घ्या. नियमाप्रमाणे त्याच्या पेटीपासून एक मीटरवर आवाज 75 डेसिबलच्या आत हवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ढोबळमानाने सहा डेसिबल कमी होतात. दोन मीटरला 69, चारला 63, आठला 57, सोळाला 51, बत्तीसला 45. म्हणजे नियमात बसणारा जनरेटरसुद्धा झोपायच्या खोलीपासून बत्तीस मीटर हवा. आमचा आहे नऊ मीटरवर, दोन भिंतींच्या कोपऱ्यात, म्हणजे प्रतिध्वनी वेगळा. शेजारच्या तळमजल्यावर दम्याच्या एक आजी राहतात. धूरही त्यांच्याच खिडकीशी.

झाडं लावू, असं लगेच कोणीतरी म्हणतं. जरूर लावा, धूळ थोडी अडेल, सावली मिळेल. पण झाडांची एक रांग आवाज अडवत नाही. आवाज अडवते ती भरीव, फट नसलेली भिंत, आणि तीही गाडी आणि कान यांच्यामधली सरळ रेषा तुटली तरच. एक्सप्रेसवेकडेच्या भिंतीचा फायदा तळमजल्याला होतो, चौथ्या मजल्याला फारसा नाही. आणखी एक गंमत. विजेच्या गाड्या आल्या की शांतता येईल असं लोकांना वाटतं. वस्तीतल्या गल्लीत येईल. पण ताशी पन्नासच्या पुढे आवाज इंजिनाचा कमी आणि टायरचा जास्त असतो. तिथे उपाय एकच, वेग कमी करणं. तो कोणाला आवडत नाही, मलाही नाही.

हॉर्नचं मात्र निव्वळ सवयीचं दुखणं आहे. मुंबई वाहतूक पोलिसांनी 2020 च्या सुरुवातीला एक मजेदार प्रयोग जाहीर केला होता. सिग्नलवर हॉर्नचा गोंगाट 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. जितका वाजवाल तितके थांबाल. शिक्षा अशी हवी, तिथल्या तिथे, पावती न फाडता. प्रयोग म्हणून चार दिवस चालवून चालत नाही, एवढंच.

गाझीपूरबद्दल एकच सांगतो. तिथल्या आगी कोणी काडी टाकल्यानेच लागतात असं नाही. ओला कचरा दाबला गेला, हवा लागली नाही की मिथेन तयार होतो, आणि तो पेट घेतो. म्हणजे माझ्या घरातली भाजीची देठं सुक्या कचऱ्यात गेली तर काही महिन्यांनी ती धूर होऊन माझ्याच खिडकीत परत येऊ शकतात. आम्ही मागच्या आवारात खताचे दोन खड्डे केले. पहिला नासला, वास सुटला, लोक माझ्यावर ओरडले. सुकी पानं पुरेशी घातली नव्हती. तीच पानं, जी आधी गेटवर जळत होती. दुसरा खड्डा ठीक चालला आहे.

जनरेटरचं अजून ठरायचंय. मी माहिती काढली. आता वीज जाते ती क्वचित, आणि थोडा वेळ. तेवढ्यापुरती लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे बॅटरीवर चालू शकतात. घरातले एसी नाही चालणार. वरच्या मजल्यांवरचे लोक म्हणतात, जूनमध्ये एसीशिवाय कसं? त्यांचंही चूक नाही. रविवारी सर्वसाधारण सभा आहे. मी त्या आजींना सभेला आणायचं ठरवलंय, आणि सभा जनरेटरच्या शेजारच्या मोकळ्या जागेत, जनरेटर चालू ठेवून घ्यायची आहे. मला तसंही कमीच ऐकू येतं.