निसटणारी चप्पल आणि नसांचा जनुकोपचार

मधुमेह जुना झाला की काहींच्या पायातली चप्पल चालता चालता निसटते आणि त्यांना ते कळतही नाही. पायाच्या नसा, म्हणजे संवेदना वाहून नेणारे तंतू, झिजलेल्या असतात. ही झीज जनुकोपचाराने आधीच थोपवता येईल का, ते आपण क्रमाने पाहू.

तळपायाचा स्पर्श ओळखणाऱ्या पेशीचे मुख्य अंग कमरेच्या मणक्याशेजारी असते. तिथून तिचा केसाहून बारीक धागा बोटांपर्यंत जातो, साधारण एक मीटर. वाढलेल्या साखरेने तिचे पोषण बिघडते आणि सर्वांत लांब धाग्याला आधी झळ बसते. म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होतो.

आता जनुक, म्हणजे प्रथिन कसे बनवायचे याची पेशीतली कृती. नसा जगवणारे एक प्रथिन आहे, नर्व्ह ग्रोथ फॅक्टर. तेच थेट टोचले तर? १,०१९ रुग्णांवर तसे करून पाहिले. २००० साली निकाल आला, फायदा दिसला नाही. डोस वाढवावा तर टोचलेली जागा दुखते. म्हणून पेशीलाच कृती द्यायची आणि प्रथिन जागेवर बनवून घ्यायचे.

ही कृती पेशीत पोचवणार कोण? पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी हर्पीस विषाणू निवडला, तापानंतर ओठांवर पुळ्या उठवणारा. त्वचेतून नसेच्या धाग्यावरून मणक्यापर्यंत चढणे हा त्याचा स्वभावच. वाढण्याची शक्ती काढून घेतलेला आणि ही कृती भरलेला हा विषाणू त्यांनी मधुमेही उंदरांच्या पायात टोचला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात नसा बऱ्याच वाचल्या.

मात्र इथेच घाई होते. उंदराला मधुमेह औषध टोचून काही दिवसांत होतो आणि उपचारही लगेच मिळतो. माणसाच्या नसा वर्षानुवर्षे झिजतात. तितका काळ दिलेले जनुक चालू राहायला हवे, आणि ते बहुधा लवकर गप्प होते.

माणसांवर तपासलेल्या दक्षिण कोरियातल्या एंजेन्सिस या औषधात विषाणू नाही, जनुक असलेले डीएनएचे नुसते गोल कडे पोटरीच्या स्नायूत टोचतात. २०१५ साली झिजलेल्या नसांमुळे होणाऱ्या वेदना कमी झाल्याचे दिसले, पण पुढच्या ५०० रुग्णांच्या चाचणीत मुख्य उद्दिष्ट साधले नाही. वेदना रुग्णानेच सांगायची असते, आणि औषध नसलेल्या इंजेक्शनानेही अनेकांना बरे वाटते. शिवाय ही चाचणी दुखणे कमी करण्याची होती. झीज टाळण्याची चाचणी घ्यायची तर लक्षणे नसलेल्यांना टोचून कित्येक वर्षे थांबावे लागेल.

त्यामुळे असा उपचार आजच मिळतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. साखर आटोक्यात ठेवा आणि वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या. १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा ते तळपायाला टेकवतात. आपण डोळे मिटून, तो जाणवला की ‘हो’ म्हणायचे.