एक रजा, कपात चार दिवसांची! ऑफिसच्या चॅटवर बॉट लिहिताना

हेडफोन लावलेत ना? मी बोलतोय हिवरा आश्रमहून, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून. आज माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. कोड माझाच होता, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

ऑफिसमध्ये स्लॅकवर मी रजेचा बॉट बनवला होता. चॅनेलवर 'उद्या रजा' लिहिलं की खात्यातून एक दिवस वजा. एका सहकाऱ्यानं बहिणीच्या लग्नासाठी एक दिवस मागितला आणि कापले गेले चार. शिल्लक रजा संपली, पगारातूनही पैसे गेले. लग्नघरातून त्याचा फोन आला तेव्हा मला तोंड लपवावंसं वाटलं.

झालं काय होतं? स्लॅक तुमच्या सर्व्हरला इव्हेंट पाठवतं आणि 3 सेकंदांत 'मिळालं' हे उत्तर मागतं. नाही मिळालं तर तोच इव्हेंट आणखी 3 वेळा पाठवतं: एकदा लगेच, मग साधारण 1 मिनिटानं, मग 5 मिनिटांनी. माझा कोड आधी डेटाबेसचं सगळं काम उरकायचा, मग उत्तर द्यायचा. मूळचा एक अन् पुन्हा आलेले तीन, झाले चार!

आमच्या गावच्या विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादाची पंगत आठवा. तुम्ही 'पुरी' म्हणून हाक मारली आणि वाढणारा काही बोललाच नाही, तर तुम्ही परत हाक मारणारच. मग दोघं येऊन वाढून जातात. त्यानं नुसतं 'आणतो' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

तर आता कामाच्या गोष्टी:

पहिली, आधी 200 उत्तर द्या आणि काम क्यूमध्ये टाका.

दुसरी, प्रत्येक इव्हेंटला स्वतःचा आयडी असतो, तो साठवा. 'आधी आलाय का' एवढं तपासून थांबू नका. दोन प्रती एकाच क्षणी आल्या तर दोन्ही पास होतात. डेटाबेसमध्ये त्या कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट लावा.

तिसरी, 429 आलं की 'रिट्राय-आफ्टर' हेडर वाचा आणि तेवढे सेकंद थांबा. लूपमध्ये धडका मारल्या तर अजून अडकाल.

चौथी, वेळ. सर्व्हर बहुतेकदा यूटीसीवर चालतो, आपण साडेपाच तास पुढे. 15 तारखेला रात्री 1 वाजता कुणी 'आज रजा' लिहिलं तर सर्व्हरवर अजून 14 तारखेचे 19:30 असतात. रजा चुकीच्या दिवशी पडते!

पाचवी, बॉटला स्वतःच्या युजर टोकनवर चालवू नका. तुम्ही नोकरी सोडली, खातं बंद झालं की बॉटही बंद. बॉट टोकन घ्या, आणि लागतील तेवढ्याच परवानग्या मागा.

आणि शेअरपॉइंटवाल्यांनो, लिस्टच्या एका व्ह्यूची मर्यादा 5,000 आयटमची आहे. टेस्टिंगला 50 नोंदी असतात म्हणून सगळं छान चालतं. इंडेक्स पहिल्याच दिवशी लावा.

सहकाऱ्याचे पैसे पुढच्या पगारात परत मिळाले. पण त्या दिवसापासून मी टेस्ट करताना प्रत्येक इव्हेंट मुद्दाम चारदा पाठवतो. खात्यातून एकच दिवस गेला, तरच कोड पुढे जातो. तुम्हीही आजच करून बघा. भेटू पुढच्या भागात!