थंडीची लाट आणि वस्तीची बाग

सोलापूर म्हटले की ऊन आठवते. त्यामुळे विहाराच्या आवारात किंवा वस्तीतील मोकळ्या जागेवर सामूहिक भाजीबाग करताना आपण उन्हाळ्याची तयारी करतो, थंडीची करत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून कोरडे वारे आले की पारा झपाट्याने उतरतो. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी असले, तर हवामान विभाग थंडीची लाट मानतो.

भाजीला मात्र त्याआधीच फटका बसतो. रात्री तापमान १३ अंशांखाली राहिले की टोमॅटोची फळधारणा घटते. भेंडी, गवार, दोडका यांचे बी उगवायला वेळ लागतो, कधी मातीतच कुजते. मेथी, पालक, कोथिंबीर, चाकवत, करडईची भाजी मात्र याच दिवसांत चांगली येते. वर्गणीतून आणलेले बी वाया गेले, तर पुढच्या वेळी वर्गणी मिळणेही अवघड होते. म्हणून या काळात पालेभाजीच लावावी.

निरभ्र आकाश आणि पडलेला वारा असला की जमीन दिवसभराची ऊब रात्री सोडून देते. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त ऊब साठवते. शिवाय आपली काळी माती वाळली की भेगाळते आणि मुळे उघडी पडतात. म्हणून संध्याकाळी हलके पाणी द्यावे, चिखल करू नये. बोअरचे पाणी हिवाळ्यात कोमट लागते, ते थेट द्यावे. टाकीत रात्रभर गारठलेले पाणी पहाटे रोपांना देऊ नये. वाफ्यांवर उसाचे पाचट पसरावे. कोवळ्या रोपांवर काठ्यांच्या आधाराने पोती टाकावीत आणि ऊन आले की काढावीत. उबेसाठी प्लास्टिक जाळू नये. तो धूर लेकरांच्या आणि म्हाताऱ्यांच्या छातीत जातो.

आता माणसांचे. पत्र्याचे छतही मातीसारखेच रात्री ऊब गमावते, तेही फार लवकर. त्यामुळे चादरी-गोधड्या आधी माणसांना, बागेला पोतीच पुरेत. दुसरे, नळाला रोज पाणी येत नाही तिथे बागेचे पाणी कोण भरते? बहुतेक ठिकाणी घरचे पाणी भरून थकलेल्या बायाच. बाग सर्वांची आणि हंडा एकीचा, याला सामूहिक म्हणता येणार नाही. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी सार्वजनिक पाण्यावरचा समान हक्क मांडला. पाणी भरण्याच्या कष्टातही तीच समानता हवी.

तेव्हा मंडळाच्या पुढच्या बैठकीत तरुणांनी तीन गोष्टी ठरवाव्यात: हवामानाचा अंदाज रोज कोण पाहणार, संध्याकाळच्या पाण्याची पाळी कोणाची, आणि पहिली जुडी कोणत्या घरी जाणार. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांची घरे यादीत वर असावीत.